गिटार, खडू आणि मामांचा नवा कोट

माझी मामी शिलाईकाम करते आणि गिटार वाजवते. दोन्ही कामांत तिला कुणी मध्ये बोललेलं खपत नाही. बँडमध्ये आम्ही तिघंच: मामी गिटारवर, मामा बास गिटारवर आणि मी, त्यांची भाची, ड्रमवर. मामांचं खरं काम मान डोलावणं, आणि ते ते झकास करतात.

मामीची गिटार जुनी, पोकळ पोटाची. आवाज वाढवला की ॲम्पमधून, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून, निघालेला सूर तिच्या पोटात शिरतो, तारा आपोआप थरथरतात, तोच सूर ॲम्पमधून आणखी मोठा होऊन येतो, आणि बघता बघता कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते. गेल्या वर्षी भर कार्यक्रमात हेच झालं. लोकांनी कान झाकले आणि हॉलच्या मॅनेजरांनी दुसऱ्याच गाण्यात सरळ प्लग काढला. मामीने घरी येऊन गिटार कपाटावर टाकली. वर्षभर तिच्यावर कापडाचे तागे रचलेले होते. मला ते बघवायचं नाही.

यंदा मीच मॅनेजरांचे पाय धरले. "एक संधी देतो," ते म्हणाले. "पण एकदा जरी ती गिटार किंचाळली, तरी प्लग काढणार, आणि पुन्हा या स्टेजवर पाऊल ठेवायचं नाही."

"तसं झालं तर गिटार विकून टाकते मी," मामी म्हणाली. "मशीनला नवी मोटर तरी येईल." ती थट्टा करत नव्हती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रिकाम्या हॉलमध्ये पूर्ण आवाज लावून ती स्टेजवर वीत-वीत सरकली. जिथे गिटार कुरकुरली तिथे शिलाईच्या खडूने फुली, जिथे गप्प राहिली तिथे गोल. तासाभरात स्टेज बेतलेल्या कापडासारखं दिसायला लागलं. "आता फक्त गोलात उभं राहायचं," मामी खुशीत म्हणाली. "माप घेतलं की काम फत्ते!"

रविवारी दुपारी पोचलो, तर स्टेज लखलखीत! मॅनेजर स्वच्छतेचे भलते भोक्ते. त्यांनी स्वतः उभं राहून फळ्या पुसून घेतल्या होत्या. एकही फुली, एकही गोल उरला नव्हता. हॉल भरत होता, वीस मिनिटं उरली होती, आणि मॅनेजर प्लगशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

मामीने कमरेवर हात ठेवून मामांकडे बघितलं. "अहो, कोट काढा."

"का गं?"

"काढा म्हणते ना!"

कोट तिनेच शिवलेला, कोरा करकरीत. कचाकच अस्तर उसवून तिने खांद्यांतली दोन्ही पॅड ओढून काढली आणि गिटारच्या पोटावरच्या दोन फटींत बोटाने कोंबली. "पोट भरलं की ओरडायची नाही," ती म्हणाली. मामांनी कोट परत घातला. त्यांचे खांदे असे काही उतरले होते की तेवढ्या धाकधुकीतही मला हसू आवरेना.

पहिलं गाणं सुरू झालं. माझे हात ड्रमवर, कान गिटारकडे. एक कडवं, दोन कडवी... हूं नाही की चूं नाही! तिसऱ्या गाण्याला पुढच्या रांगेतले पाय ठेका धरायला लागले. वर्षभर तागे वाहणारी हीच का ती गिटार? आनंदाच्या भरात माझा ताल दोनदा चुकला.

आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सुरावर मामीने एक पॅड उपटून फेकलं.

"मामी, नको!" मी ओरडले. ती वळून थेट ॲम्पसमोर जाऊन उभी राहिली. मॅनेजर ताडकन उठले, हात प्लगवर. गिटार गुणगुणली, मग तोच सूर फुगायला लागला. चढला की मामी अर्धं पाऊल फिरायची, मंदावला की पुन्हा समोर. कालचं सगळं माप तिच्या पायांत होतं. कुणी तार छेडत नव्हतं आणि गिटार गात होती! हॉल उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला कशाला लाजू? मॅनेजरांचा हात प्लगवर तसाच राहिला.

शेवटी मामीने तारांवर तळवा ठेवला. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

मॅनेजर स्टेजवर आले. पडलेलं पॅड उचलून त्यांनी मामांच्या हातात दिलं आणि मामीला म्हणाले, "ताई, कालच्या त्या खुणा तुमच्या होत्या का? पुन्हा करून ठेवा. आता कुणाला पुसू देणार नाही."

मामीने पिशवीतून खडू काढला, गुडघ्यांवर बसली, आणि ॲम्पच्या बरोब्बर समोर, काल जिथे सगळ्यात मोठी फुली होती, तिथे एक गोल काढला.