इरिदेबाईंचं आरशांचं घर

बालवाडीत नवीन वस्तू मांडायची असली की इरिदेबाई आधी गुडघ्यांवर बसायच्या. खिडकी असो नाहीतर साधी खुंटी, पोराच्या उंचीवरून बघितल्याशिवाय चैन पडायची नाही त्यांना. "इथून नुसतं टेबलाचं पोट दिसतंय गं वेलिया!" असं मला ओरडून सांगायच्या. मी त्यांच्या बालवाडीची स्वयंपाकीण. पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाची लापशी, ढवळताना मी मुलांना दिसावी म्हणून माझ्या स्वयंपाकघराची भिंत फोडून काच बसवली ती त्यांनीच. मी काय चिडले होते! जेव्हा बघावं तेव्हा काचेला शेंबडी नाकं चिकटलेली.

रेज्जो शहराच्या वरच्या या डोंगरात त्यांनी सगळा जन्म बालवाडीच्या चार खोल्यांत पोरांना शिकवण्यात घातला. लग्नाचा विषय काढला की म्हणायच्या, "आधी माझी घसरगुंडी होऊ दे." घसरगुंडी झाली, लग्न राहूनच गेलं.

मग गावातला चीजचा कारखाना बंद पडला. तरणी माणसं पोराबाळांसकट खाली शहरात गेली आणि शेवटी वर्गात एकटा तोबिया उरला. तो आहे तोवर शाळा चालेल, नंतर कुलूप, असं नगरपालिकेनं स्पष्ट कळवलं.

बाईंची झोपच उडाली. "एकटं खेळून कंटाळलं पोरगं, तर मारिका त्याला घेऊन जाईल गं." मारिका म्हणजे त्याची आई. बाईंनी खपून तीन मोठे आरसे तंबूसारखे जोडले, कडा स्वतः घासल्या. आत रांगत जाऊन बसलं की चहूकडे आपणच आपण.

तोबिया आत शिरला तो बाहेर यायलाच तयार नाही. हसतोय काय, टाळ्या देतोय काय! बाईंचा चेहरा असा फुलला की मी म्हटलं, "आज तुम्हीच चार वर्षांच्या दिसताय." त्यांनी लगेच मारिकाला बोलावणं धाडलं. हे बघितलं की ती शहराचं नाव काढणार नाही, अशी खात्रीच होती त्यांना.

मारिका आली, वाकून आत बघू लागली. तोबिया पावाचे तुकडे करून आरशांपुढे मांडत होता.

"आई, हा प्येरो. ही नीना. आम्ही सगळे एका वर्गात आहोत."

मारिका मटकन फरशीवर बसली आणि रडायला लागली. बाईंनी खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला.

"बाई, खूप सुंदर केलंय हो तुम्ही. पण माझ्या पोराला काचेशी मैत्री करावी लागतेय! मी आपली मनाला समजावत होते, त्याला एकटेपण कळत नाही म्हणून."

बाईंनी थांब म्हटलं असतं तर ती थांबली असती. लहानपणी याच वर्गात बाईंच्या हाताखाली वाढलेली पोर ती, त्यांचा शब्द मोडत नसे. बाई तोबियाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "घेऊन जा त्याला, मारिका. खाली पोरं आहेत." माझा तर जीवच तुटला.

निघायच्या दिवशी मी आणि बाई दारात उभ्या होतो, तर तोबिया धावत माझ्याकडे आला. "वेलिया, दुपारी प्येरोला न् नीनाला सूप वाढशील ना? नीनाला गाजर आवडत नाही हं."

"वाढीन हो राजा," मी म्हटलं.

गाडी गेली. आता कुलूप लावायचं म्हणून मी ॲप्रन सोडायला लागले, तर बाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सूप चुलीवर ठेव, वेलिया," त्या म्हणाल्या. "गाजर घालू नकोस."