टीपॉयवरचं कानाचं यंत्र

१९७४. दिवाळीनंतरचा दुसरा रविवार, दुपार. हजर: मी, माझे यजमान, आमची मुलगी, समोरून तिला पाहायला आलेला मुलगा, त्याची आई आणि मामा. शिवाय माझं कानाचं यंत्र, पण ते हजर आहे हे पाहुण्यांना कळू द्यायचं नव्हतं.

मुलगी सातवीत असताना मला टायफॉइड झाला आणि त्यानंतर ऐकू येणं कमी होत होत जवळजवळ बंद झालं. ती शिकली, कन्हानच्या शाळेत शिक्षिका झाली, तोवर घर खाणाखुणांवर आणि पाटीवर चाललं. यंत्र येऊन महिना झाला होता. आवाज पकडणारी साबणाच्या वडीएवढी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि टोकाला कानात बसणारं बटण. डॉक्टर म्हणाले होते, आधी शांत खोलीत एकेक आवाज ओळखा, माणसांचा घोळका नंतर. त्याप्रमाणे मी स्टोव्ह, नळ आणि स्वतःचं चावणं इथपर्यंत आले होते. पहिले दोन दिवस घरात कोणी पाहुणी बोलते आहे असं वाटलं. ती मुलगी निघाली. तिचा आवाज मी शेवटचा नीट ऐकला तेव्हा ती फ्रॉक घालत होती.

"यंत्र आत ठेव," यजमानांनी सकाळीच बजावलं. "बहिरेपण घराण्यात आहे म्हणतील."

मुलीने माझ्या ब्लाउजला आतून खिसा शिवला आणि पाहुण्यांसाठी माझ्या सुती साडीला कडक खळ दिली. चुकलं ते इथेच. पाहुणे बसले, बोलू लागले आणि मला फक्त साडी ऐकू येत होती. जरा हललं की वाळलेल्या पळसपानांवरून कोणी चालत गेल्यासारखं. मुलाच्या आईने मला दोनदा काही विचारलं. मी दोनदा पोहे वाढले.

तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा तिच्या बशीत जागा उरली नव्हती. मी डबी बाहेर काढली आणि टीपॉयवर, मुलीच्या पुढ्यात ठेवली. वाकून बसलं तर वायर पुरत होती. यजमानांनी डोळे मिटले.

"अरे वा, वहिनी!" मामा म्हणाले. त्यांचं वाडीला ट्रान्सपोर्टचं गोदाम आहे आणि आवाजही तिथलाच. "ट्रान्झिस्टर? लावा ना मग, स्कोर ऐकू."

"कानाचं यंत्र आहे. क्रिकेट लागत नाही."

"काहून नाही लागत? महागाचं दिसून राहिलं."

मग चमचे आणि माणसं एकदमच वाजू लागली. त्यात मुलाची आई यजमानांना म्हणाली, "लग्नानंतर आमच्या महाल भागातून रोज कन्हानले जाणं काही जमायचं नाही. नोकरी सोडावी लागंल."

"सोडेल ना," यजमान म्हणाले. "तिचं काही नाही."

"मी नाही सोडणार," मुलगी म्हणाली. मान खाली, पोह्यांकडे पाहून, इतकं हळू की शेजारी बसलेल्या बापालाही ऐकू गेलं नाही. पण डबी तिच्यापासून वीतभर होती.

"ती म्हणते, मी नाही सोडणार," मी सांगितलं. बहिरी माणसं मोठ्याने बोलतात. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असावं.

सगळं थांबलं. मला वाटलं सेल संपला. मी डबीचं आवाजाचं चाक फिरवून पाहिलं.

मग मुलगा डबीकडे वाकला आणि तिलाच विचारावं तसं म्हणाला, "पहिली बस किती वाजता असते?"

"सव्वासहाला," मुलगी म्हणाली. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

आठवड्याने मामा निरोप घेऊन आले. मुलगी पसंत आहे. नोकरी चालेल. "फक्त ताईचं म्हणणं आहे, वहिनीनं लग्नात ते मशीन लावू नये. फोटोत येते. तेवढं तर माना."

यजमानांना हे वाजवी वाटलं. मी आधी मुलीला आत नेऊन विचारलं, डबी दोघींच्या मध्ये ठेवून. मुलगा तिला चालणार होता. मग बाहेर येऊन मी मामांना सांगितलं की लग्न ठरलं, पण मशीन राहील. मांडवात ती पुन्हा काही हळू बोलली, तर ऐकायला कोणी तरी हवं.

डबीसाठी जरीची पिशवी करायची, गळ्यात अडकवायला, पदराच्या वरून. कापड महालातून आणलं आहे. कापूनही ठेवलं आहे. शिवायची राहिली आहे.