जावयाने हात लावू नये

अधिक महिन्यात सासरी जेवायला जाणं म्हणजे हसतमुखाने स्वतःचं प्रदर्शन मांडणं. खामगावला सासऱ्यांकडे पोचलो, तर त्याच दुपारी तीनला मेहुणीची नोकरीची मुलाखत होती, घरच्या संगणकावरून. कंपनीने मोबाइल चालणार नाही असं बजावलं होतं, आणि मेजवानीला लॅपटॉप घेऊन कोण जातं? पोरीने वर्षभर वाट पाहून मिळवलेली ही एकच मुलाखत, आणि कॅमेरा सुरू केला की पडदा काळाठिक्कर.

दुखणं साधं होतं. संगणकाने आपणहून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर ओढून घेतला होता आणि व्हिडिओ लागला की तो मान टाकत होता. तो नवा ड्रायव्हर बंद करून विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर दिवस निभावता आला असता. मी बाह्या सरसावल्या तर सासऱ्यांनी हात धरला. धोंड्याच्या जावयाला कामाला जुंपलं तर लोक शेण घालतील तोंडात, म्हणाले. आणि मोबाइलच्या दुकानवाल्या पुतण्याला बोलावलं.

या महाशयांनी आधी मॉनिटरला दोन थापडा दिल्या. मग तोच नाठाळ ड्रायव्हर काढून, तोच पुन्हा भरला आणि चहा पिऊन निघून गेले. एवढा आत्मविश्वास मला आयुष्यात कधी परवडला नाही.

तीन वाजत आले. मी पाटावर, पाय परातीत, शेजारी अनारशांचं ताट. मेहुणी रडकुंडीला येऊन दारात उभी.

"जिजाजी, पुन्हा काळं झालं."

मी उठायला लागलो तर पाय धुणाऱ्या सासऱ्यांनी घोटाच पकडला. "बसा हो जावईबुवा. तुमाले काऊन तरास?"

मग पाटावरूनच ओरडलो. रिस्टार्ट कर. डिव्हाइस मॅनेजर उघड. डिस्प्ले अडॅप्टरवर राइट क्लिक, डिसेबल. आतून तिचं "हो" येत होतं, इकडे कपाळाला कुंकू लागत होतं. अक्षरं बटाट्याएवढी झाली, चित्र भुरकट झालं, पण पडदा टिकला.

संध्याकाळीच निरोप आला, मेहुणीला नोकरी लागली. मला मनापासून आनंद झाला. सासरे मात्र फोनवर साऱ्या गोताला पुतण्याच्या हुशारीची कथा ऐकवत होते. शेवटी छाती फुगवून म्हणाले, "अन् जावाई घरातच बसेल होते, पण आमी त्यायले बोट लावू देलं नाही."