हिरव्या लोकरीला जोड सापडेना

मंडळी, वाचनालयाच्या फळ्यावर हे मुद्दाम लावतोय. मघाशीच धुळ्याला परतलोय, डोकं अजून तापलेलं आहे.

सकाळी रेल्वेतल्या सिग्नलच्या नोकरीसाठी माझे डोळे तपासले. डॉक्टरांनी टेबलावर रंगीत लोकरीच्या लड्या ओतल्या, एक हिरवी लडी हातात दिली आणि म्हणाले, "हिच्यासारख्या सगळ्या काढ."

मी रंगाऱ्याचा मुलगा. आमच्याकडे रंगात केसाएवढा फरक पडला तरी गिऱ्हाईक लुगडं तोंडावर फेकतं. मी एकेक लडी खिडकीपाशी नेऊन पाहिली. कुठली पिवळसर, कुठली निळसर, कुठली पोपटी. म्हटलं, "साहेब, हिच्यासारखी एकही नाही."

त्यांनी कागदावर लिहिलं, 'हिरवा रंग ओळखत नाही.' माझ्यामागच्याने न बघताच मूठभर हिरव्या उचलल्या आणि तो पास झाला!

घरी आलो तर वडील, म्हणजे आमचे आबा, दोन तांबडी लुगडी उन्हात धरून उभे. "देख रे भाऊ, दोन्हीना रंग सारखा शे ना?"

"सारखाच शे," मी म्हणालो.

एक चांगलंच काळपट होतं.

आता सांगा, आता तरी होईन का मी पास?