सुंदरम्माचा ताप आणि गौरव्वाचं दूध

सुंदरम्माचा ताप मोठा लहरी होता. आठ-दहा दिवस अंगात मुक्काम ठोकायचा, मग असा निघून जायचा की घरातल्यांना वाटावं, बाई सोंग करत होती की काय! ती हुरूप धरून धुण्याला बसली की पुन्हा कंबर धरे, गुडघे सुजत, घामानं अंथरूण भिजे. बाळीवेशीतल्या त्या घरात ज्यानं त्यानं आपापलं निदान करून ठेवलं होतं. शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे. नवरा शिवलिंगप्पा सुताच्या दुकानात बसणारा सरळमार्गी माणूस. तो म्हणाला, अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यात काही दिसलं नाही, तरी ते म्हणाले, "क्षयाची शंका आहे, जपा." घरी पोचेपर्यंत त्यातली शंका वाटेतच गळाली आणि क्षय तेवढा राहिला.

त्या दिवसापासून तिचं ताट-तांब्या वेगळं झालं. पाच वर्षांची कस्तुरी आजीच्या अंथरुणात निजायला गेली. पोरगी उंबऱ्याशी उभी राहून आईकडे बघायची आणि आत यायला लागली की कुणीतरी तिला मागं ओढायचं. सुंदरम्माला तापापेक्षा हे जास्त भाजत होतं. त्यात दिवाळीपर्यंत उतार पडला नाही, तर तिला वैरागला माहेरी धाडायचं ठरलं; कस्तुरी मात्र इथंच राहणार होती.

सासू, नीलम्मा, वाईट नव्हती हे आधीच सांगितलेलं बरं. उलट सुनेसाठी जीव टाकायची. परड्यात तिची लाडकी गाय होती, गौरव्वा. रोज सकाळी तिची पहिली धार पेल्यात घेऊन, फेसासकट कोमट दूध नीलम्मा सुनेपुढं धरी. घरच्या चहाचं दूध तापवलं जाई, आजाऱ्याचं नाही. "तापिवलं की दुदाचा जीव जातोय," ती म्हणे. "पी, लई ताकद हाय यात." सुंदरम्मा गटागटा पिऊन पेला पालथा घालायची.

ती मॅट्रिकपर्यंत शिकलेली होती. अंगात बळ असेल त्या दुपारी जवळच्या वाचनालयात जाऊन रोगांची पुस्तकं आणायची. पण वाचून डोकं ठिकाणावर येण्याऐवजी भलतंच व्हायचं. हिवतापाचं प्रकरण वाचलं की हुडहुडी भरे, संधिवाताचं वाचलं की बोटं वाकडी दिसू लागत. हृदयविकार वाचला त्या दिवशी तर तिनं नवऱ्याला दुकानातून बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला आणि बिचारा नाडी धरून बसून राहिला.

दसरा झाला आणि गौरव्वा पुन्हा गाभडली. गेल्या सालीही सातव्या महिन्यातच तिचं वासरू गेलं होतं. तेव्हा गोठा सुंदरम्मानंच हातानं साफ केला होता. नीलम्मा कपाळाला हात लावून म्हणाली, "एवडं वाचतीस, तर गुरांचं बी येकादं पुस्तक बग की गं!"

सुंदरम्मानं गोपालनाची एक पातळशी पुस्तिका आणली. त्यात होतं : गाय वारंवार गाभडत असेल तर सांसर्गिक गर्भपाताचा संशय घ्यावा. त्याचे जंतू कच्च्या दुधातून माणसालाही बाधतात. ताप लाटेसारखा चढतो-उतरतो, सांधे धरतात, घाम फुटतो.

गायीचा रोग शोधायला गेली आणि स्वतःचा हाती लागला! पण आजवर तिला पुस्तकातले सगळेच रोग होऊन गेले होते, त्यामुळे तिनं आनंद आवरला. वाचनालयातला जाडजूड इंग्रजी ग्रंथ आणि शब्दकोश घेऊन ती दुपारच्या दुपारी बसली. शब्द अडत होते, पण अर्थ तोच निघत होता. मग ती डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "घरात गाय आहे का, हे मी विचारलंच नाही," ते म्हणाले.

"आणि मी सांगितलं नाही," सुंदरम्मा म्हणाली.

रक्त तपासायला बाहेरगावी गेलं. उत्तर यायचं होतं. सासूला कसं सांगावं, या विचारात असतानाच दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं, नीलम्मा तो फेसाळता पेला कस्तुरीच्या ओठाला लावत होती. "पी बाळ. आईवानी हुयाला नको."

सुंदरम्मा कशी उठली, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं पेला हिसकावला आणि मोरीत पालथा केला.

"दूद सांडलंस? सकाळच्या पारी?" नीलम्मा ओरडली.

"अत्ती, माझा ताप या कच्च्या दुधातनं आलाय." सासूला ती कानडी वळणानं अत्ती म्हणायची.

"म्हंजे मी इख पाजलं तुला? माज्या हातानं?"

त्यानंतर नीलम्मा सुनेशी बोलेना. जेवण वाढी, पण तोंड फिरवून.

रक्ताचं उत्तर आलं. क्षय नव्हता, पुस्तिकेतलाच रोग होता. इंजेक्शनं आणि गोळ्या सुरू झाल्या आणि दिवाळीच्या सुमाराला ताप गेला तो परत फिरकला नाही. कस्तुरी आईच्या कुशीत शिरली आणि दोन्ही हातांनी गळा धरून झोपली. सुंदरम्मा त्या दिवशी पोटभर रडली. वैरागचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

नीलम्मा आता दूध स्वतः तापवायची. उतू जाईपर्यंत चुलीपासून हलायची नाही. एका सकाळी तशीच बसून, दुधावरची नजर न काढता तिनं कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. "शिवलिंगाच्या आदी माजी तीन गेली. आमच्या सासरी बी गाय हुती, गाभडायची. मी तिचंच दूद पियाची. सासू म्हनायची, पांढऱ्या पायाची हाय, पोटात पोर ठरत न्हाय." ती थांबली. "तुज्या पुस्तकात बाईचं काय लिवलंय का गं?"

पुस्तकात लिहिलं होतं की बाईच्या बाबतीत खात्रीनं सांगता येत नाही. सुंदरम्मानं ते दोनदा वाचलं होतं.

"नक्की सांगता येत नाही, असं लिहिलंय," ती म्हणाली. खोटं तिला बोलवेना. मग ती सासूजवळ चुलीपाशी बसली. "पण अत्ती, तुमचा दोष नव्हता. हे मी नक्की सांगते."

चाळीस वर्षांत हे नीलम्माला कुणीच सांगितलं नव्हतं. दूध उतू जाऊन चुलीत सांडलं, आणि नीलम्मा सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून रडत राहिली.