साडूंचा राउटिंग टेबल

आमच्या साडूंनी आयुष्यात एक तरी वस्तू थेट पोचवली असेल, तर मिशी उतरवीन, असं मी पैजेवर सांगायचो! महाप्याच्या एका कंपनीत ते नेटवर्क सांभाळतात. म्हणजे नेमकं काय, असं मी पहिल्या भेटीत भाबडेपणाने विचारलं आणि पुढचा तासभर माझी पुरणपोळी पानात गार होत राहिली. "साडूभाऊ, राउटरला अख्खा रस्ता ठाऊकच नसतो. त्याच्याकडे फक्त एक टेबल, म्हणजे तक्ता. अमुक पत्ता आला की तमुक शेजाऱ्याकडे सोपवायचं. पुढचं पुढचा बघेल. सगळं इंटरनेट यावर चाललंय!" इंटरनेट चालतंय तर चालू दे की, पण या गृहस्थांनी संसारही त्यावरच चालवायला घेतला.

त्यांच्या जुईनगरच्या घरी फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला. डावीकडे ठिकाण, उजवीकडे माणूस. वाशीला काही धाडायचं तर तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्या वहिनी. पण 'वाशी, भाजी मार्केट' असेल तर टेम्पोवाले काका, कारण जास्त बारीक पत्ता जुळेल ती ओळ खरी. कुठलीच ओळ जुळली नाही तर सगळ्यात खाली, लाल अक्षरांत, माझं नाव! त्यापायी कुणाकुणाच्या छत्र्या नि चष्मे माझ्या घरी येऊन पडलेत. शिवाय पार्सलवर एक आकडा. प्रत्येकाने तो एकेकाने कमी करायचा आणि शून्य झाला की पार्सल टाकून द्यायचं, म्हणजे चुकलेली वस्तू जन्मभर फिरत राहत नाही. एकदा मोदकांचा डबा माझ्यात आणि मेहुण्यात असाच फिरत राहिला, कारण मला 'मेहुण्याकडे द्या' आणि त्याला 'साडूभाऊंकडे द्या', म्हणजे माझ्याकडे, असं सांगून ठेवलेलं. शून्य माझ्या दारात झालं. आता मोदक कोण टाकतो हो? अकराच्या अकरा मी खाल्ले.

या सगळ्या खटाटोपाचं मूळ मात्र त्यांच्या नावडे गावात होतं. तिथे त्यांची आई धाकट्या भावाकडे राहायची, आणि घर बांधताना झालेल्या भांडणापासून दोघे भाऊ सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. दर बुधवारी साडू स्वतःच्या हाताने जवळ्याची, म्हणजे बारीक सुक्या कोळंबीची, चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या करायचे. डबा तीन हात बदलून गावातल्या शाळेच्या बाईंकडे जायचा आणि त्या तो आईला द्यायच्या. भाऊ तक्त्यात नव्हताच. "अहो, एका माणसाला टाळायला केवढं हे नेटवर्क!" असं मी एकदा बोलून गेलो, तर महिनाभर माझ्याशीही अबोला.

मग बाईंची बदली झाली आणि तक्त्यात ती ओळ तशीच राहिली. इकडे आई अंथरुणाला खिळलेली, तिकडे डबा बाईंच्या कुलूपबंद दारात. दोन दिवसांनी भावाचा फोन आला. साडूंनी स्पीकर लावला, मी समोरच होतो.

"दादा, आय जेवत नाय. तुजा डबा इचारते. आता कोनाच्या हाती देऊ नको. तूच ये."

साडू तडक ओट्याकडे वळले. त्यांनी घाईघाईने चटणी केली, भाकऱ्या थापल्या आणि म्हणाले, "साडूभाऊ, गाडी काढा. मला एकट्याला जमायचं नाही." नावडे येईपर्यंत त्यांनी डबा मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. दारात भाऊ उभा. त्यानेच पुढे होऊन डबा घेतला, "आत ये ना, दादा." आईला भाकरी वाढली, तर तिने ताट बाजूला सारलं आणि साडूंचा हात धरला. "डबा र्‍हाऊ दे. तू बस."

चार महिन्यांनी आई गेली. बुधवारचा डबा अजून नावड्याला जातो, भावासाठी. साडू स्वतः घेऊन जातात. (मिशी उतरवली मी, हो!) परवा गेलो तेव्हा ते ओट्यापाशी जवळा निवडत होते. वर न बघता म्हणाले, "साडूभाऊ, अर्ध्या तासाचा रस्ता हो. आणि आईचे चारच महिने मिळाले मला."

मी शेजारी बसून जवळा निवडू लागलो.