श्रीनिधीच्या वाटची कोसंबरी

केशवापुरातल्या सदाशिवमास्तरांना भुताखेतांच्या गप्पांची भारी चीड. हायस्कुलात भूमिती शिकवण्यात जन्म गेलेला. जे सिद्ध होत नाही त्याला माझ्या घरात थारा नाही, असं ते दटावून सांगत. मग शहाण्णव सालच्या चैत्रात त्यांचा एकुलता एक श्रीनिधी टायफॉइडनं गेला आणि मास्तरांचा सगळा ताठा उतरला.

आजारात पोरगं एकच मागत होतं, कोसंबरी. भिजवलेली मुगाची डाळ, किसलेली कैरी, काकडी, द्राक्षांचे काप, डाळिंबाचे दाणे, वर ओलं खोबरं. कच्चं काही देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. "बरा हो, मग पातेलंभर करते की," असं जयलक्ष्मीबाई त्याला म्हणत राहिल्या. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. इच्छा राहिलीय कसलीतरी, असं जो तो म्हणू लागला. ऊन चढलं, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली. घरी आल्यावर बाईंच्या ध्यानात आलं, कोसंबरी ठेवायची राहिलीच!

तेव्हापासून दर वर्षी त्याच्या तिथीला कोसंबरी होई. मास्तर खोबरं खोवून देत, बाकी सगळं बाईंचं. श्राद्धाचा स्वयंपाक, चाखायची सोय नाही; कैरीचा आंबटपणा त्या वासावरून ओळखत. मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. मग पान वाढून एकट्याच गच्चीवर जात. मास्तरांना जिना चढायचा धीर होत नसे. बऱ्याच वेळानं बाई उतरत, डोळे लाल.

"नाही शिवला हो."

एवढ्या बोलण्यानं घर झपाटून जाई. मोरीत तांब्या वाजला की मास्तरांना वाटे, आला. जेवताना शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघवत नसे. आपलं पोर दारात उपाशी उभं आहे, या विचारानं ते आतून पोखरून निघाले. गोकर्णाला जाऊन नारायणबळी केला. शेजारच्या गोपाळअण्णांनी दिलेला अंगाराही उंबऱ्याला लावला. भूमिती गेली चुलीत!

दोन हजार तीन सालचं ऊन भलतंच कडक होतं. बाई उतरेनात. घेरी येऊन पडली की काय, म्हणून मास्तर ताकाचा पेला घेऊन धापा टाकत वर गेले.

कठड्यावर दोन कावळे होते. त्यातला एक पानाजवळ उतरला, चोच पुढे केली. आणि बाईंनी हातातली काठी आपटली. "हाड! हाड!" कावळा उडाला, फिरून आला. बाईंनी पुन्हा हाकलला. हात चांगला सरावलेला होता.

"जया!" मास्तर ओरडले. "दर वर्षी हेच करतेस?"

बाई दचकल्या, पण काठी सोडली नाही.

"जया, पुरे आता. खाऊ दे गं. भुकेला आहे तो."

"खाल्लं की जाईल हो तो. मग परत कशाला येईल आपल्याकडं? मोरीतला तांब्या तुम्हाला ऐकू येतो, मला माहीत आहे. मलाही येतो. तो वाजायचा बंद झाला तर मी काय करू?"

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. इतकी वर्षं आपण तिळतिळ तुटलो आणि ही! उन्हानं काळवंडलेल्या बाई लटलट कापत होत्या.

"आधी हे ताक पी," ते म्हणाले. "सावलीत बस."

पेला घ्यायला बाईंनी काठी खाली ठेवली. तेवढ्यात कावळा पुन्हा पानाशी उतरला. मास्तरांनी काठी उचलली आणि जिवाच्या आकांतानं आपटली.